गॅलरीतली जास्वंद आणि जाता न जाणारा मिलीबग

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे ज्यांच्याकडे असंच झालंय त्यांनाही पुढचं समजायला सोपं जाईल. ठाण्यातली चौथ्या मजल्यावरची गॅलरी, सकाळचं ऊन. बारा इंची कुंडीत सहा वर्षांची लाल जास्वंद, माहेरच्या झाडाची फांदी आणून लावलेली. फेब्रुवारीपासून शेंड्यांवर पांढरा कापूस दिसतोय, कळ्या उमलायच्या आधीच गळतात, पानं हाताला चिकट लागतात आणि खालच्या पानांवर काजळी धरलीय. कापूस दिसला की तुम्ही नीम ऑइल मारता, आठवडाभर झाड स्वच्छ दिसतं, तीन आठवड्यांनी पुन्हा पहिल्यासारखं. आता हॉलमधल्या मनी प्लांटवरही तेच दिसायला लागलंय. घरातले म्हणतात कुंडी खाली ठेवून ये, आणि तुम्ही विचारलंत की याहून जालीम औषध कोणतं.

कुंडी खाली ठेवू नका आणि जालीम औषधही आणू नका. मी पंचवीस वर्षं रोपवाटिकेत काम करतोय, त्यातली बरीच वर्षं लोकांच्या घरी जाऊन कुंड्या बघण्यात गेली. उन्हाळ्यात येणाऱ्या तक्रारींत सगळ्यात जास्त जास्वंदीच्या मिलीबगच्या असतात. बहुतेक ठिकाणी औषध बरोबरच असतं. चुकतो तो दिवसांचा हिशेब, आणि मुंग्यांकडे कुणाचं लक्ष नसतं.

मिलीबग म्हणजे पिठ्या ढेकूण. तुमच्या फोटोत शेंडा चुरगळल्यासारखा दिसतोय, पानं एकमेकांत गच्च बसलीत आणि पेरं आखूड झालीत. हे गुलाबी मिलीबगचं लक्षण आहे. त्याच्या लाळेनं कोवळा शेंडा असा आखडतो. हाच कीटक नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांना रडवतो, खोडाची सुटी साल काढून तिच्याखालून त्याला बाहेर काढावं लागतं. खात्री करायची असेल तर एक कीटक काडीनं चिरडून बघा, लालसर-गुलाबी रस निघेल. जास्वंदीवर आणखी एक जात येते, तिच्या पाठीवर पांढऱ्या पिठामध्ये काळसर डागांच्या दोन ओळी दिसतात. कपाशीवर काही वर्षांपूर्वी जिनं हाहाकार केला होता तीच ही. घरगुती उपाय दोघींवर एकच, त्यामुळे ओळख पटली नाही तरी काही अडत नाही.

आता दिवसांचा हिशेब. एखादं दहापट दाखवणारं भिंग असेल तर पानाच्या बेचक्यातला कापूस सुईनं थोडा फाकवून बघा. आत नारिंगी-गुलाबी रंगाची, खसखशीहून बारीक अंडी गच्च भरलेली दिसतील. एक मादी शेकड्यांनी अंडी घालते. हा कापूस मेणाच्या तंतूंचा असतो, पाणी त्यावर टिकत नाही, अळूच्या पानावरून ओघळतं तसं ओघळून जातं. तुमच्या फवाऱ्यानं वर बसलेले मोठे कीटक मेले, अंडी आत सुखरूप राहिली. साधारण सहा ते नऊ दिवसांत ती फुटतात आणि पिवळसर-गुलाबी पिल्लं बाहेर पडतात. टाचणीच्या टोकापेक्षा लहान, अंगावर अजून मेण नाही, त्यामुळे डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाहीत. त्याच आठवड्यात तुम्हाला झाड स्वच्छ वाटतं आणि तुम्ही फवारा ठेवून देता. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ती पिल्लं शेंड्यात जाऊन बसतात, मोठी होतात, अंगावर पीठ चढतं आणि ती तुमच्या नजरेस पडतात. उन्हाळ्यात एक पिढी महिन्याभरात पुरी होते.

ती उघडी पिल्लं हाच या किडीचा सगळ्यात कमजोर काळ आहे. साधं साबणाचं पाणी त्यांना पुरतं. म्हणून झाडावर काहीच दिसत नसतानाही फवारायचं.

पहिला दिवस मेहनतीचा आहे, दोन तास मोकळे काढा. आधी कात्री. जेवढे शेंडे चुरगळलेत तेवढे आखडलेल्या भागाच्या तीन-चार बोटं खालून कापा. कापण्याआधी शेंड्यावर प्लास्टिकची पिशवी चढवा आणि मग कापा, नाहीतर धक्क्यानं पिल्लं खालच्या पानांवर झडतात. पिशवीचं तोंड बांधून ती दिवसभर उन्हात ठेवा, मग कचऱ्यात. घरी खत करत असाल तर त्यात हे टाकू नका. चार महिन्यांच्या कळ्या जातील म्हणून जीव कळवळतो, मला माहीत आहे, पण त्या कळ्या तशाही गळणार आहेत. निरोगी मुळांची जास्वंद छाटणीनंतर दोन-तीन आठवड्यांत फुटते.

मग हात. कापसाच्या काड्या, औषधांच्या दुकानात मिळणारं स्पिरिट आणि जुना मऊ टूथब्रश. प्रत्येक पांढऱ्या ठिपक्याला स्पिरिटमध्ये भिजवलेल्या काडीनं टेकवायचं. मेण विरघळतं आणि पांढरा कीटक बघता बघता मळकट तपकिरी होतो. काडी पानभर घासू नका, कोवळं पान भाजतं. खोडाच्या खडबडीत सालीवर, फांदी जिथे फुटते त्या काखेत, पानाच्या देठाखाली, कळीच्या बुडाशी असलेल्या हिरव्या पाकळ्यांच्या आत, सगळीकडे बघा. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा हे काम देवघरातल्या समईजवळ किंवा गॅसजवळ बसून करू नका.

झाड झाल्यावर कुंडी. इथे बहुतेक जण थांबतात आणि इथूनच कीड परत येते. कुंडीच्या काठाची आतली कड, बाहेरची कड, बुडाची भोकं, खालची ताटली, कुंडी टेकलेली जागा, ग्रिलचे सांधे. मादी अंडी घालायला आडोसा शोधत चालत जाते. मी एका घरी तीन महिने हैराण झालो होतो. झाड स्वच्छ, तरी दर महिन्याला कीड हजर. शेवटी कुंडीला सजावट म्हणून गुंडाळलेला काथ्याचा दोर सोडवला, तर त्याच्या प्रत्येक वेढ्याखाली कापसाची रांग होती. तुमच्या फोटोतही कुंडीला दोर दिसतोय. तो आजच काढून टाका.

त्याच वेळी वरची इंचभर माती उकरून बघा. मुळांजवळ पांढरी भुकटी सांडल्यासारखी दिसली तर मुळांवरही मिलीबग आहे. मग गोळा बाहेर काढून माती धुवायची आणि कुंडी बदलून नव्या मातीत लावायचं. तसं काही नसेल तर मुळांना हात लावू नका, छाटणी आणि पुनर्लावणी एकाच दिवशी झाडाला जड जाते.

आता फवारा. तुम्ही लिहिलंत की नीम ऑइल पाण्यात टाकून हलवून मारते. तेल पाण्यात मिसळत नाही, ते वर तरंगतं. म्हणजे पहिल्यांदा नुसतं पाणी उडतं आणि शेवटी उरलेलं तेल एका फांदीवर पडतं. ती फांदी करपते आणि आपण म्हणतो नीम ऑइलनं झाड जळलं. आधी वाटीत ५ मिली तेल आणि २ मिली सौम्य द्रवरूप साबण एकजीव करा. मग त्यात कोमट पाणी थोडं थोडं घालत एक लिटर करा. दुधासारखं पांढरट पाणी झालं तर बरोबर जमलं. वर तेलाचे थेंब दिसले तर अजून थोडा साबण. हे पाणी त्याच दिवशी संपवायचं, उरलेलं ठेवलं की गुण जातो. कपड्यांची पावडर वापरू नका, पानाचं स्वतःचं मेण धुवून निघतं.

साबणाऐवजी रिठा चालतो आणि मला तो जास्त आवडतो. पाच-सहा रिठे फोडून बिया काढायच्या, सालं लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी कुस्करून कपड्यातून गाळायचं. त्याच पाण्यात तेल फेटायचं. काहीही नवीन मारताना आधी दोन पानांवर मारून दोन दिवस वाट बघा.

फवारा पानांच्या खालून वर. वरून मारलेल्या फवाऱ्याचा या किडीला जवळजवळ काहीच त्रास होत नाही. तुमच्या गॅलरीत सकाळचं ऊन येतं, तेव्हा संध्याकाळी पाचनंतर मारा. ऊन आणि तेल एकत्र आलं की पानं भाजतात. त्या दिवशीची फुलं फवाऱ्याआधी खुडून घ्या. खालच्या मजल्यावरच्यांचे कपडे वाळत असतील तर त्यांना आधी सांगा, नीमचा वास दोन धुण्यांत जात नाही.

कॅलेंडरवर खुणा करून टाका. पहिल्या दिवशी, मग सहाव्या, बाराव्या, अठराव्या आणि चोविसाव्या दिवशी. पाच फवारे. मध्ये झाड चकचकीत दिसलं तरी एकही चुकवायचा नाही. नीममधला घटक कीटकाला जागच्या जागी मारत नाही, त्याची भूक मोडतो आणि कात टाकणं बिघडवतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी किडे जिवंत दिसले म्हणून घाबरून दुप्पट मात्रा करू नका.

मुंग्यांचं आता. पानं चिकट लागतात ते मिलीबगनं बाहेर टाकलेल्या गोड द्रवामुळे. रस इतका शोषतो की जास्तीची साखर मागून बाहेर पडते. त्या गोडावर काळी बुरशी वाढते, ती तुमची काजळी. ती पान खात नाही, ओल्या फडक्यानं पुसली की निघते. मुंग्या हे गोड खायला येतात आणि बदल्यात मिलीबगला राखतात. त्याचे शत्रू जवळ आले की हुसकावून लावतात, आणि पिल्लांना या फांदीवरून त्या फांदीवर नेऊनही ठेवतात. गॅलरीतून हॉलच्या मनी प्लांटपर्यंत कीड गेली कशी, असं तुम्ही विचारलंत. मुंग्यांची रांग बघा, किंवा पाणी घालताना दोन्ही झाडांना लागलेला तुमचाच हात.

मुंग्या मारण्यापेक्षा त्यांची वाट तोडा. पूर्वी दुधा-तुपाच्या फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचे, तोच उपाय. कुंडी चार पायांच्या लोखंडी स्टँडवर ठेवा आणि प्रत्येक पायाखाली पाण्याची वाटी. दर दोन दिवसांनी पाणी बदला आणि त्यात साबणाचा थेंब टाका, नाहीतर डासांची सोय होईल. एवढं करूनही एक फांदी ग्रिलला किंवा भिंतीला टेकत असेल तर सगळं फुकट, मुंग्या त्या पुलावरून येतात. हे एकच काम केलं आणि बाकी काही केलं नाही, तरी कीड निम्म्यावर आलेली मी पाहिली आहे, कारण मग तिचे शत्रू झाडावर टिकतात.

त्या शत्रूंपैकी एकाची ओळख तुम्हाला करून द्यायचीच आहे. फवारायच्या आधी पांढऱ्या किड्यांमध्ये एखादा वेगळाच मोठा पांढरा किडा दिसतो का बघा. मिलीबग तीन-चार मिलीमीटरचा, बोटानं हलवला तरी जेमतेम सरकणारा. हा त्याच्या दुप्पट-तिप्पट लांब, अंगावर मेणाच्या लांब झालरी सुटलेल्या, आणि काडी लावली की तुरुतुरु पळतो. ही क्रिप्टोलिमस नावाच्या ऑस्ट्रेलियन ढालकिड्याची (लेडीबगच्या एका जातीची) अळी आहे. ती मिलीबगची अंडी आणि पिल्लं खाऊनच वाढते, आणि दिसायलाही त्याच्यासारखीच असते. मोठा झाल्यावर हा ढालकिडा काळा आणि डोकं नारिंगी असतो. १८९८ साली तो आपल्या देशात दक्षिणेतल्या कॉफीवरच्या किडीसाठी मुद्दाम आणला गेला आणि इथलाच झाला. रोपवाटिकेत पहिली काही वर्षं या अळ्या म्हणजे म्हातारे मिलीबग असं समजून मी त्या वेचून मारत होतो. आजही ते आठवलं की वाईट वाटतं. तुमच्या झाडावर अशा दोन-चार अळ्या दिसल्या तर त्या फांदीला फवारा नको. बाकीचं झाड हातानं साफ करा आणि त्यांना त्यांचं काम करू द्या.

शत्रू किती ताकदीचा असतो याचं उदाहरण आपल्याच डोळ्यांसमोर घडलं. २००८ मध्ये कोइमतूरला पपईवर परदेशी मिलीबग सापडला आणि दोन-तीन वर्षांत महाराष्ट्रातल्या पपईच्या बागांपर्यंत पोचला. जास्वंद आणि चाफाही त्यानं सोडला नाही. शेतकऱ्यांनी फवारण्या करकरून हात टेकले. २०१० मध्ये बंगळुरूच्या जैविक कीड नियंत्रण संस्थेनं प्वेर्तो रिकोहून एक बारीकशी परोपजीवी गांधीलमाशी आणून सोडली. ती मिलीबगच्या पोटात अंडं घालते आणि तिची अळी त्याला आतून खाते. थोड्याच काळात ती कीड आटोक्यात आली. जालीम औषधानं आधी असे मित्र मरतात आणि मेणाखालची अंडी वाचतात, म्हणून त्यानंतर येणारी मिलीबगची लाट पहिल्यापेक्षा मोठी असते.

जालीम औषधाला मी नाही म्हणतोय त्याचं दुसरं कारण तुमची फुलं. ती देवाला जातात, तिथून प्रसादाच्या ताटात येतात, मुलांच्या हातात असतात. तुम्ही जास्वंदीचं तेलही करता असं लिहिलंय. मुळातून झाडात भिनणारं औषध फुलाच्या मधातही उतरतं, आणि तुमच्या गॅलरीत सकाळी शिंजीर पक्षी येतो म्हणालात, तो तोच मध पितो. बाजारातल्या कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो: लाल अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. लाल-पिवळा त्रिकोण घरात येता कामा नये. आणि कुणी पाण्याच्या बाटलीत भरून, चिठ्ठी नसलेलं औषध दिलं तर ते फुकट मिळालं तरी घेऊ नका. झुरळांचा फवारा झाडावर मारून पानं करपवलेली तर दर उन्हाळ्यात दोन-तीन घरं भेटतात. तंबाखूच्या पाण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिलाय, तोही नको. निकोटिन माणसालाही विषच आहे, ‘घरगुती’ म्हटल्यानं ते सौम्य होत नाही.

पावसाळा लागला की एक चांगला पर्याय खुला होतो. कृषी सेवा केंद्रात व्हर्टिसिलियम लेकॅनी नावाची बुरशीची भुकटी मिळते. लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी फवारायची. ही बुरशी किडीच्या अंगावर वाढून तिला मारते, पण तिला हवेत ओल लागते, म्हणून जूननंतर. डबा घरगुती वापराला मोठा असतो, सोसायटीतल्या तिघी-चौघींनी मिळून घ्या आणि वरची मुदत नक्की वाचा, कारण आतली बुरशी जिवंत असावी लागते. बुरशीनाशकाबरोबर ती मारू नका.

तुम्ही फुलं वाढावीत म्हणून दर पंधरा दिवसांनी १९-१९-१९ हे रासायनिक खत देताय. महिनाभर बंद. नत्र जास्त झालं की फूट लुसलुशीत येते आणि रस शोषणाऱ्या किडीला तेच हवं असतं. पाचवा फवारा झाल्यावर मूठभर शेणखत किंवा गांडूळखत द्या, पुरे. पाणी मात्र नेमानं द्या. उन्हाळ्यात एक दिवस सुकवून दुसऱ्या दिवशी बुडवलेली कुंडी किडीला लवकर बळी पडते.

मनी प्लांटचं सोपं आहे. तो बाथरूममध्ये न्या, माती प्लास्टिकनं झाका आणि हँड शॉवरनं पानांच्या दोन्ही बाजू धुवा. पान गुळगुळीत असल्यानं बरीच कीड धारेनंच जाते. उरलेली काडी-स्पिरिटनं. दर सहा दिवसांनी, चार वेळा. तोवर तो जास्वंदीपासून दूर ठेवा, आणि जास्वंदीला हात लावल्यावर हात धुतल्याशिवाय त्याला हात लावू नका. त्याच्या मातीवर बारीक काळी चिलटं उडतात असं लिहिलंय, ती वेगळी भानगड आहे. माती सतत ओली राहते म्हणून ती येतात. वरचा इंचभर थर कोरडा पडल्याशिवाय पाणी घालू नका, जातील.

आणखी एक शंका असू द्या मनात. एप्रिल-मे मध्ये पानं फिकट पडून त्यांवर बारीक पांढरे टिपके आले, तर पान पांढऱ्या कागदावर झटका. धुळीसारखे लालसर कण चालायला लागले तर तो कोळी आहे. आठ पायांचा, कीटक नव्हेच. त्याला कोरडी हवा मानवते. दर तिसऱ्या दिवशी पानांच्या खालून जोराची पाण्याची धार, दोन आठवडे. त्यावर गंधक मारतात, पण तुम्ही तेल मारताय तोवर गंधक अजिबात नको, दोन्ही एकत्र आली की पानं जळतात.

माहेरची जास्वंद आहे, म्हणून एक काम जास्तीचं सांगतो. जूनच्या पहिल्या पावसानंतर, झाड साफ झालेलं असताना, पेन्सिलीएवढ्या जाड तीन फांद्या कापा. स्पिरिटनं नाही, साबणाच्या पाण्यानं धुवा आणि छोट्या पिशव्यांत लावा. एक तुमच्याकडे ठेवा, बाकीच्या दुसऱ्या कुणाच्या गॅलरीत.

चोविसाव्या दिवसानंतर फवारा थांबवा आणि पुढचे दोन आठवडे दर चार दिवसांनी भिंग घेऊन फक्त बघा, शेंडे आणि फांद्यांच्या काखा. नवं पान सपाट आणि मोकळं उघडायला लागलं, हाताला चिकट लागलं नाही, तर कुंडी ग्रिलपाशी परत न्या. फक्त एकही फांदी ग्रिलला टेकू देऊ नका. आणि एखाद्या काखेत एवढासा कापूस दिसलाच तर रविवारची वाट बघू नका, तेवढ्यापुरती काडी लगेच लावा.